लिंबाजी तिरंदाजाची झेलविद्या

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं. तळ्यात पाणी होतं, पाण्यात मासे होते आणि मासे खाणारे पक्षी होते. इथपर्यंत सगळं ठीक होतं. गोष्ट इथेच संपली असती तर तुम्हीही सुटला असता आणि मीही. पण त्या तळ्याच्या काठावर एक बगळा उभा होता.

बगळ्याकडे येऊच. आधी लिंबाजी.

लिंबाजी हा तिरंदाज. तिरंदाज म्हणजे धनुष्यबाण घेतलेला माणूस नव्हे बरं का, तो एक पाणपक्षी आहे. अंग काळं, मान हातभर लांब आणि चोच दाभणासारखी सरळ, टोकदार. पोहताना याचं सगळं अंग पाण्याखाली असतं, मान तेवढी वर असते. ती बघून लहान मुलं 'साप, साप' म्हणून ओरडतात. तुम्ही शहाणी आहात, ओरडणार नाही.

लिंबाजी बुडी मारायचा. मान मागे मुडपून पाण्यात दबा धरायचा. मासा टप्प्यात आला की मान सटकन पुढे सुटायची आणि चोच माशाच्या कुशीत घुसायची. या चोचीच्या कडांना करवतीसारखे बारीक दाते असतात. त्यामुळे टोचलेला मासा निसटत नाही. पण मग तो तोंडातही जात नाही, चोचीवर अडकून बसतो. म्हणून लिंबाजी वर यायचा, मान झटकून मासा सोडवायचा, हवेत उडवायचा आणि डोक्याकडून झेलून गिळायचा. शेपटीकडून गिळला तर काटे घशात उलटे उभे राहतात आणि घरच्यांना तेराव्याची तयारी करावी लागते.

म्हणजे सगळी मेहनत पाण्याखाली. वर दिसायची ती नुसती आवराआवर.

तळ्यात बाकीचेही होते. दगडू पाणकावळ्याच्या चोचीच्या टोकाला आकडा होता. तो माशाचा पाठलाग करून त्याला आकड्यात धरायचा. त्याची पिसं भिजून जड व्हायची, म्हणून नंतर खडकावर पंख पसरून वाळवत बसायचा. टिबुकली होती, मूठभर अंगाची. ती बुडी मारून पाणकिडे नि चिंगळ्या बहुतेक आतल्या आतच संपवायची. काटे पोटाला टोचू नयेत म्हणून स्वतःची चार पिसंही अधूनमधून गिळायची. जशी चोच तशी रीत. कुणी कुणाला शिकवायला जात नव्हतं, म्हणून सगळ्यांची पोटं भरत होती.

मग जंगलाच्या राजाला, म्हणजे सिंहाला, बातमी लागली की शेजारच्या जंगलात मासेमारीची शाळा निघाली आहे. सिंह काही मासे खात नव्हता. पण शेजाऱ्याकडे आहे म्हटल्यावर आपल्याकडे नको का? त्याने विचारलं, "आपल्या राज्यात माशांमधलं कोणाला कळतं?"

सगळ्यांनी बगळ्याकडे बोट दाखवलं. बकोपंत त्याचं नाव. तो एका पायावर, डोळे मिटून तासन्‌तास उभा राहायचा. इतका विचार करणारा प्राणी जंगलात दुसरा नव्हता. उथळ पाण्यात पायाशी आलेला मासा तो विचार करता करताच उचलायचा. गुडघ्याच्या वर त्याचं अंग कधी भिजलं नव्हतं. तळ्याच्या खोलीबद्दल बोलायला एवढी पात्रता पुरते, बाळांनो. पुढे मोठे झालात की कळेल.

बकोपंतांनी काठावरून पाहणी केली आणि राजापुढे निष्कर्ष मांडले. "महाराज, पाणकावळा पंख पसरून उभा असतो. तो वाऱ्यावर जगतो. टिबुकली स्वतःची पिसं खाते. फारच गरिबी आहे बिचारीची. मासा खरा खातो तो एकटा तिरंदाज. तो मासा हवेत उडवतो आणि झेलतो. सगळी विद्या त्या झेलात आहे."

"आणि ते पाण्यात बुडतात ते कशाला?" सिंहाने विचारलं.

"अंघोळीला," बकोपंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बकोपंत लिंबाजी बसायचा त्या काठावरच्या वाळक्या झाडाच्या बुंध्यापाशी आले. लिंबाजी नुकताच मासा गिळून बसला होता.

"लिंबाजी, तू मासा उडवतोस, त्या क्रियेला काय म्हणतोस?"

"म्हणायचं काय त्यात?" लिंबाजी म्हणाला. "अडकल्याला मासा सोडवतो जी. खरं काम खाली हाय, पाण्यात. तुम्ही एकडाव बुडी मारून बघा की पंत."

"मारली असती," बकोपंत म्हणाले, "पण खाली गेलं की वरचं दिसत नाही."

एवढं बोलून पंतांनी एक भलंमोठं कमळाचं पान काढलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. "आजपासून तुम्ही झेलाचार्य," ते म्हणाले. "जंगलातल्या सगळ्या पोरांना झेल शिकवायचा."

लिंबाजीने तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, तो पुन्हा पाण्याखालच्या कामाबद्दलच बोलणार होता. पण त्याच्या बायकोने, हौसाने, त्याला मागून चोच टोचली.

"आवं, गप बसा की," ती कुजबुजली. "आपल्या सात पिढ्यांत कुणाच्या खांद्यावर पान पडलंय का? ते 'आचार्य' म्हणत्यात, तर तुम्ही 'न्हाई' म्हणणारे कोण?"

लिंबाजीने तोंड मिटलं. खांद्यावरचं पान गार होतं आणि त्याचा वास छान येत होता. पोरांना झेल आला तर वाईट काय, खालचं ते आपापल्या आईबापाकडून शिकतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. माणूस असो की पक्षी, स्वतःला सांगितलेलं त्याला लगेच पटतं.

शाळा निघाली. पोरं रांगेत उभी राहायची. लिंबाजी प्रत्येकाच्या चोचीवर एक शिंगाडा ठेवायचा आणि म्हणायचा, "उडवा." पोरं उडवायची. "झेला." पोरं झेलायची. काठावर आया पंख वाजवायच्या. पोरं घरी गेली की दमलेली असायची, पाण्यात उतरायची नाहीत. आईबापही म्हणायचे, "राहू दे, उद्या परीक्षा हाय. मासा आम्ही आणतो."

हौसा आता आचार्यीणबाई झाली होती. घरट्यासाठी शेवाळ वेचताना ती शेजारणींशी सरळ बोलायची नाही, मान वळवून बोलायची. लिंबाजीचं पाण्यात जाणं कमी होत होत बंद झालं. कमळाचं पान भिजत नाही हे खरं, पण बुडी मारली की ते वर तरंगत राहतं आणि खाली नुसता लिंबाजी उरतो. ते त्याला आता आवडेनासं झालं होतं. तसंही विद्यार्थी गुरुदक्षिणा म्हणून मासे आणून देत होते. मासे धरलेले असायचे त्यांच्या आईबापांनी, पण ती बाब कोणी मनावर घेत नव्हतं.

पुढे एक अडचण आली. चोचीवर ठेवलेला शिंगाडा दात्यांत अडकायचा, त्यामुळे झेल वाकडा जायचा. पाणकावळ्यांच्या पोरांचा तर आकड्यातच रुतून बसायचा. बकोपंतांनी एका पायावर उभं राहून विचार केला आणि दोष सापडला.

"चोच खराब आहे," ते म्हणाले. "दाते आणि आकडे ही जंगली अवस्थेची खूण आहे. घासून काढा."

खरवत नावाचं एक झाड असतं. त्याचं पान इतकं खरखरीत असतं की त्याने लाकूड घासतात. ती पानं आणली गेली. आणि सुरुवात अर्थातच आचार्यांपासून झाली. लिंबाजीने डोळे मिटून चोच पुढे केली. पहिल्या घासणीला त्याने चोच मागे ओढली, कारण आपले दाते कशासाठी आहेत हे त्या तळ्यावर त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण ती पुन्हा पुढे करून, घासून झाल्यावर त्याने पाण्यात पाहिलं तर चोच गुळगुळीत, चकचकीत दिसत होती. शिंगाडा उडवला तो असा सुटला की थेट सूर्याकडे गेला. टाळ्या पडल्या. चोच मागे ओढल्याचं त्या टाळ्यांत कोणाच्या लक्षात राहिलं नाही, त्याच्याही नाही.

मग मोठ्या पोरांच्या चोची घासल्या. मग आईबापांना वाटलं, पोरांपुढे आपण अडाणी कशाला दिसायचं? त्यांनीही घासून घेतल्या. दगडू पाणकावळ्याचा आकडा गेला. राहिली ती टिबुकली. तिला बोलावायला कोणी आलं की ती बुडायची आणि भलतीकडेच वर यायची. पंतांनी तिला कायमची गैरहजर ठरवलं.

काही दिवसांनी दगडू लिंबाजीकडे आला. त्याचं अंग वाळलं होतं.

"आचार्य," तो म्हणाला, "मासा तोंडात येतोय, पर निसटतोय बघा. धरवतच न्हाई."

दगडू हा लिंबाजीच्या लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी एकाच फांदीवर पंख वाळवले होते. लिंबाजीला कारण ठाऊक होतं. ते त्याच्या अगदी ओठावर, म्हणजे चोचीवर आलं होतं.

"सराव कमी पडतोय तुझा," लिंबाजी म्हणाला.

लाज वाटली का त्याला? वाटली. पण पान अंगावर असलं की लाज झाकून जाते. पान असतंच त्यासाठी.

तिकडे राजदरबारात आनंदीआनंद होता. "महाराज," बकोपंत सांगत होते, "शाळा निघाल्यापासून तळ्यात मासेच मासे झाले आहेत. काठापर्यंत येऊन माझ्या पायांवर आदळतात. हे सगळं शिक्षणाचं फळ." धरणारेच उरले नाहीत, मग मासे वाढतील नाही तर काय? पण पंत खोटं बोलत नव्हते हो. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं, आणि त्यांचं वजनही वाढलं होतं.

गुरुदक्षिणा आता येईनाशी झाली. आणणार कोण आणि कशाने? लिंबाजीच्या घरी चूल नव्हती, पण असती तर ती पेटली नसती, एवढं समजा.

आणि घरात ठकी होती.

ठकी ही लिंबाजीची एकुलती एक लेक. आचार्यांची लेक म्हणजे शाळेत पहिली असणार असं सगळ्यांना वाटायचं. ती शेवटून पहिली होती. चोचीवर शिंगाडा ठेवला की तो उडवायचा सोडून ती त्याच्याकडे तिरळं बघत बसायची. उडवलाच तर तो बकोपंतांच्या डोक्यावर पडायचा. चोची घासायच्या त्या फक्त शेवटच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या. ठकी दर वेळी मागेच राहायची, म्हणून तिचे दाते अजून शाबूत होते. या वेळी मात्र परीक्षेला राजा स्वतः येणार होता आणि आचार्यांच्या लेकीला बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी हौसा नवऱ्याला म्हणाली, "आवं, पोरगी कालपासून उपाशी हाय."

"पास झाली की झेलशिक्षिका व्हईल," लिंबाजी म्हणाला. "मग तिला दक्षिणा यील."

"कुनाकडनं यील?"

लिंबाजी पान नीट करू लागला. हौसा त्याच्याकडे बघत राहिली. मान वळवून बोलायची सवय तिची त्या सकाळी गेली. "पोरीच्या चोचीला हात लावू नगा," ती हळूच म्हणाली. "माझं ऐका. आचार्यीण म्हणवून लई मिरवलं मी. पोटात काय गेलं न्हाई."

"सगळ्यांच्या लेकरांच्या घासल्या आणि माझ्या लेकीची ठेवू? लोक काय म्हणतील?" लिंबाजी म्हणाला. हा प्रश्न बाळांनो, फार जुना आहे आणि त्याने आजवर वाघापेक्षा जास्त जनावरं खाल्ली आहेत.

काठावर गर्दी जमली. सिंह मधल्या खडकावर बसला. बकोपंत शेजारी, एका पायावर. खरवताचं पान लिंबाजीच्या हाती, म्हणजे पायात, दिलं गेलं. ठकी समोर आली. तिच्या मानेची काडी झाली होती.

लिंबाजीने ते खरखरीत पान उचललं. तेव्हा ठकी म्हणाली, "बाबा, एक इचारू?"

"विचार."

"शाळेत शिंगाडा तुम्ही चोचीवर ठेवता. मग तळ्यात मासा चोचीवर कोण ठेवतं?"

गर्दी हसली. सिंहही हसला, कारण सगळे हसत होते. "प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे," बकोपंत म्हणाले. "पुढे चला."

लिंबाजी मात्र हसला नाही. लेकीच्या त्या वाळक्या मानेकडे बघून त्याला एकदम भडभडून आलं. आचार्यपणाच्या तळाशी कुठेतरी जुना लिंबाजी शिल्लक होता, तो उठून बसला. त्याने अंगावरचं पान काढून हौसाच्या हातात दिलं.

"कोण ठेवतं ते दाखवतो," तो म्हणाला. "बघ."

आणि त्याने बुडी मारली.

पाण्याखाली मासे दाटीवाटीने फिरत होते. लिंबाजीने मान मुडपली. मान काही विसरली नव्हती. सटकन सुटली आणि चोच बरोबर माशाच्या कुशीत घुसली. आणि तशीच, तेल लावल्यासारखी, बाहेर आली. मासा पोहत निघून गेला. लिंबाजीने दुसऱ्याला मारली. तोही गेला. तिसऱ्या माशाने तर पळायची तसदीही घेतली नाही. तो बाजूला सरकला आणि पुन्हा शेवाळ खाऊ लागला. श्वास संपला तेव्हा लिंबाजी वर आला. चोच रिकामी होती.

"पाहिलंत महाराज!" बकोपंत ओरडले. "आचार्यांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन सिद्ध केलं. पाण्याखाली काहीही नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लिंबाजीला सांगायचं होतं, की खाली खच्चून मासे आहेत, माझी चोचच आता चोच राहिली नाही, तुम्हा सगळ्यांची राहिली नाही. पण त्याला धाप लागली होती. आणि टाळ्या थांबत नव्हत्या. धाप कमी झाली तोवर तो मान लववून टाळ्या घेऊन मोकळा झाला होता.

एवढ्यात कोणीतरी म्हणालं, "ठकी कुठाय?"

बाप इतका वेळ खाली काय करतोय म्हणून ठकी त्याच्यामागे पाण्यात उतरली होती. खाली काय करायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. एक मासा तिच्या समोरून गेला आणि तिची मान आपोआप मागे मुडपली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ती वर आली तेव्हा चोचीवर वीतभर मासा फडफडत होता.

दगडू पाणकावळ्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं लांबून दिसत होतं.

ठकीने मासा झटकला, सुटेना. मग बुंध्यावर आपटला. मग वेडावाकडा उडवला, तो पाण्यात पडला, तो तिने पुन्हा उचलला, कसाबसा डोक्याकडून फिरवला आणि गटकन गिळला. गिळून ढेकर दिली. राजासमोर.

"हा मासा आला कुठून?" सिंहाने विचारलं.

"महाराज," बकोपंत म्हणाले, "मासा आला कुठून हा प्रश्नच नाही. उडवला कसा, हा प्रश्न आहे. उडवणं गचाळ. पहिल्या प्रयत्नात झेल सुटला. बुंध्यावर आपटणं तर पद्धतीत कुठेच बसत नाही. पण निकाल द्यायचा अधिकार माझा नाही, आचार्यांचा आहे."

सगळे लिंबाजीकडे बघू लागले. ठकीही बघत होती. पोट भरल्याने तिचा चेहरा उजळला होता. लिंबाजीने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा राजाकडे. मग हौसाच्या हातातलं कमळाचं पान घेतलं. हौसा ते सोडत नव्हती. त्याने ओढून घेतलं आणि खांद्यावर घातलं.

"नापास," तो म्हणाला.

ठकीची चोच घासायची राहिली ती राहिलीच, कारण नापासांच्या चोची घासत नाहीत. घासलेली चोच हा मान आहे, तो असा कुणालाही मिळत नाही. शिवाय नापासांना तळ्यात मासे धरायची बंदी आहे. ठकी तरी रोज धरते. ती पाण्याखाली धरते आणि पाण्याखाली बघणारा या राज्यात कोणी नाही, त्यामुळे ती अजून सापडलेली नाही. लव्हाळ्यात आईला भरवते. दगडूलाही एखादा देते. दगडू रडतो आणि खातो.

शाळा जोरात चालली आहे. आचार्य रोज शिकवतात. शाळा सुटली की इकडेतिकडे बघत लव्हाळ्याच्या आड जातात. तिरंदाजांमध्ये पिल्लू आईबापाच्या घशात मान घालून खातं, तशी रीत आहे. इथे आचार्य लेकीपुढे वाकतात आणि तिच्या घशात मान घालतात. कमळाचं पान तेवढं खांद्यावरून घसरू देत नाहीत.

एकदा ठकीने त्यांना विचारलं, "बाबा, मी नापास झाले ती नेमकी कशात हो?"

तोंडात घास असताना आचार्य बोलत नसतात.

तात्पर्य : शिक्षणाला पर्याय नाही. म्हणून आपली सगळी मुलं पास व्हावीत यासाठी झटावं. मात्र घरातलं एक तरी पोर नापास राहील याची शहाण्या आईबापांनी वेळीच काळजी घ्यावी. पास झालेल्यांना खायला कोण घालणार?